उंबरा ओलांडताना मनात काय होतं?

आज आपण घरफोडीबद्दल बोलणार आहोत. विषय पोलिसांचा आणि वकिलांचा वाटतो, पण ज्या बाईच्या घरात गटाची पेटी ठेवलेली असते, तिचा तो आधी असतो.

सुरुवात आमच्याच एका गटातल्या गोष्टीनं करतो. गटाच्या खजिनदार मावशी सकाळी बाजाराला गेल्या. घराला कुलूप होतं. दुपारी येऊन पाहतात तर मागच्या बाजूचा कूड फोडलेला. कारवीच्या काड्या वाकवून हात जाईल एवढं भोक पाडलं होतं. आत फळीवरचा मिठाचा डबा खाली पडला होता आणि मीठ सांडलं होतं. पेटी मात्र खांबाला साखळीनं बांधलेली, जागेवरच होती. पैसे शाबूत, चांदीचे दागिने शाबूत.

शेजारणी म्हणाल्या, "काही गेलं नाही ना? मग देवानंच राखलं. पोलिसांच्या भानगडीत पडू नको." तरीही मावशी चौकीवर गेल्या. तिथं त्यांना विचारलं, "काय काय गेलं?" मावशी म्हणाल्या, "काही नाही." "मग तक्रार कसली?" मावशी परत आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मीठ झाडून टाकलं, कूड शेणामातीनं लिंपून घेतला आणि विषय संपवला.

गटाच्या बैठकीत ही गोष्ट निघाली तेव्हा आम्हीही गप्प बसलो, कारण आम्हालाही उत्तर माहीत नव्हतं. काही गेलंच नाही तर गुन्हा झाला का? नंतर कायद्याच्या शिबिरात वकीलताईंना आम्ही हाच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "गुन्हा झाला. हात आत आला तेव्हाच झाला." ते कसं, हे त्यांच्याकडून समजून घेतलं आणि कायद्यात काय लिहिलंय तेही वाचून काढलं. तेच आज सांगतो.

चोरी वेगळी, घरफोडी वेगळी

आपण बोलताना दोन्हीला चोरीच म्हणतो. कायदा दोन गुन्हे मानतो. चोरी म्हणजे दुसऱ्याची वस्तू त्याच्या संमतीशिवाय लबाडीनं हलवणं. तिथं वस्तू हलावी लागते. घरफोडीत वस्तू हलावीच लागत नाही. वाईट हेतूनं आणि आडमार्गानं घरात शिरणं, एवढ्यानंच तो गुन्हा पुरा होतो. आत गेल्यावर चोराला काही मिळालं नाही, कुत्रं भुंकलं म्हणून तो पळाला, पेटीची साखळी तुटली नाही, तरी घरफोडी झालीच.

१ जुलै २०२४ पासून आपल्या देशात भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्याआधी १८६० सालची भारतीय दंड संहिता होती. कलमांचे आकडे बदलले. जुन्या माणसांच्या तोंडी अजून ४५७ आणि ३८० असतात, आता ती ३३१ आणि ३०५ झाली. पण घरफोडीची व्याख्या जवळपास तीच राहिली आहे.

ही व्याख्या तीन पायऱ्यांची आहे. पहिली पायरी, अतिक्रमण: दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत गुन्हा करण्याच्या किंवा तिथल्या माणसाला धमकावण्याच्या, अपमान करण्याच्या, त्रास देण्याच्या हेतूनं शिरणं. दुसरी पायरी, गृह-अतिक्रमण: ती जागा माणसं राहतात ते घर, झोपडी किंवा तंबू असेल, देऊळ-चर्च-मशीद असेल, किंवा सामान ठेवायची इमारत असेल. म्हणजे गटाचं दुकान आणि खताचं गोदामही यात आलं. घराला जोडून असलेला गोठा, ज्याला आतून दार आहे, तोही घराचाच भाग. वीटभट्टीवर घातलेली आपली झोपडी कच्ची असली तरी राहती आहे, म्हणून तीही आली.

तिसरी पायरी, घरफोडी: असं शिरताना सहापैकी एक रीत वापरली असली पाहिजे. एक, भिंत, कूड किंवा छप्पर फोडून स्वतः वाट पाडणं. दोन, माणसांच्या ये-जा करण्यासाठी नसलेल्या वाटेनं, जसं खिडकीतून, किंवा भिंतीवर चढून येणं. तीन, घरच्यांनी ज्या रीतीनं दार उघडायचं ठेवलं नाही त्या रीतीनं उघडणं, जसं फटीतून तार घालून कडी उचलणं. चार, कुलूप उघडणं. तुमची हरवलेली किल्ली कुणाला सापडली आणि त्यानं तिनं घर उघडलं, कुलपाला ओरखडाही नाही, तरी ती घरफोडीच. पाच, दारात उभ्या असलेल्या माणसाला ढकलून किंवा धमकावून आत घुसणं. सहा, बंद केलेली वाट आपण किंवा आपल्या साथीदारानं उघडून आत येणं किंवा बाहेर पळणं.

आता मावशींचा कूड आठवा. कायद्यातच उदाहरण दिलंय: भिंतीला भोक पाडून त्यातून हात आत घातला, ही घरफोडी. शरीराचा कोणताही भाग आत आला की प्रवेश झाला. सगळा माणूस आत यावा लागत नाही. मिठाचा डबा पडला होता, म्हणजे हात किंवा दुसरं काहीतरी आत आलं होतं. पण कायद्याचे शब्द "शरीराचा भाग" असे आहेत. म्हणून आत हात आला होता की फक्त आकडीची काठी, हे कळण्यासारखं जे जे दिसलं असेल ते पोलिसांना नेमकं सांगायचं. काठीनं ओढून वस्तू नेली असेल, तर घरातल्या चोरीचं कलम आहेच.

हेतू कधी होता?

आता आजच्या विषयाचा गाभा. शिरणं आणि हेतू या दोन्ही गोष्टी हव्यात, आणि त्या एकाच वेळी असायला हव्यात. पाऊल आत पडलं त्या क्षणी मनात काय होतं, हा प्रश्न न्यायालय विचारतं. तीन प्रसंग घेऊ.

पहिला प्रसंग. पावसाची सर आली. रस्त्यानं जाणारा माणूस धावत तुमच्या ओटीवर आला. हेतू फक्त भिजू नये एवढाच. हा गुन्हा नाही. पाऊस थांबेना, तेवढ्यात त्याला चार्जिंगला लावलेला मोबाईल दिसला. मोह झाला, उचलला आणि गेला. ही चोरी झाली, तीही घरातली चोरी, कलम ३०५, सात वर्षांपर्यंत शिक्षा. पण घरफोडी नाही, कारण आत येताना मन स्वच्छ होतं आणि वाटही उघडी होती. मोबाईल चोरायचं आधीच ठरवून पावसाचं निमित्त करून तो आला असता, तर ते चोरीसाठी केलेलं गृह-अतिक्रमण झालं असतं, मग मोबाईल हाती लागो वा न लागो.

दुसरा प्रसंग. गटाचं दुकान. गिऱ्हाईक म्हणून एक माणूस आला. येणं रीतसर. संध्याकाळी दुकान बंद करताना तो पोत्यांमागे लपला. तुम्ही बाहेरून कुलूप लावून गेलात. रात्री त्यानं गल्ला उघडला आणि मागच्या दाराची आतली कडी काढून निघून गेला. आत येताना त्याचा हेतू काय होता हे सिद्ध करता आलं नाही तर तो सुटला का? नाही. कायद्यात पुढची ओळ आहे: रीतसर आत आलेला माणूस गुन्ह्याच्या हेतूनं बेकायदा आत थांबला, तरी ते अतिक्रमणच. शिवाय बंद दार उघडून बाहेर पडणं हीसुद्धा घरफोडीची रीत आहे. म्हणजे कायदा आत येतानाही पाहतो आणि बाहेर जातानाही.

तिसरा प्रसंग आपल्या गटांच्या जास्त ओळखीचा. कर्जाचा हप्ता थकला. वसुलीवाला घरी आला. हप्ता मागायला येणं हा गुन्हा नाही. पण बाई म्हणाली, "आता जा, घरात पुरुष माणूस नाही." तरी तो खाटेवर बसून राहिला, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलू लागला, भांडी उचलायची धमकी देऊ लागला. आता तो धमकावण्याच्या आणि अपमान करण्याच्या हेतूनं थांबला आहे. आत येताना नसलेला हेतू थांबताना दिसला. हेसुद्धा अतिक्रमणात बसतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या सूक्ष्म कर्जाच्या नियमांप्रमाणे वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या ठिकाणी करायची असते. त्या ठिकाणी कर्जदार बाई लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा आली नाही तरच कर्मचाऱ्यानं घरी यायचं.

इथं एक गोष्ट नीट लक्षात ठेवायची. हेतू म्हणजे फक्त चोरीचा हेतू नव्हे. रात्री दारू पिऊन कुणी कडी सरकवून बाईच्या घरात शिरला, तर "काय गेलं?" हा प्रश्नच चुकीचा आहे. छेड काढायला, मारायला, धमकावायला आला असेल तर तोही गुन्ह्याचाच हेतू. आपल्या बाया अशा वेळी लाजेनं "चोर आला होता" एवढंच सांगतात. खरं काय घडलं ते सांगा. कोणतं कलम लागणार, हे त्याच्यावरच ठरतं.

पूर्वी इंग्लंडमधली घरफोडीची व्याख्या फार अरुंद होती: रात्रच हवी, राहतं घरच हवं आणि शिरतानाच हेतू हवा. तिथं १९६८ च्या चोरीच्या कायद्यानं ती बदलली. बेकायदा आत शिरल्यानंतर चोरी करणाराही आता तिथं घरफोड्याच ठरतो. आपल्याकडे घरफोडी दिवसाही होते. रात्र असेल तर शिक्षा वाढते, एवढंच. चोरीच्या हेतूनं दिवसा केलेल्या घरफोडीला दहा वर्षांपर्यंत, सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंतच्या घरफोडीला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

गरिबाच्या घरात पाच हजारांचं काय असतं?

नव्या कायद्यात एक बारीक गोष्ट आहे. साधी चोरी पाच हजार रुपयांच्या आतली असेल, चोर पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्यानं वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा होते. अशी छोटी चोरी अदखलपात्र धरली आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. हे ऐकून कुणी सांगेल, "तुमच्या दोन कोंबड्या आणि पातेलं गेलं, किंमत किती ती?"

पण घरातून झालेल्या चोरीचं कलम ३०५ वेगळं आहे. तिथं किमतीची अट नाही. घरफोडीच्या कलमातही नाही. दोन्ही दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत. त्यामुळे तुमची वस्तू शंभर रुपयांची असली तरी ती घरातून गेली आणि कूड फोडून गेली, हे आवर्जून सांगायचं. आपल्यासाठी किमतीपेक्षा जागा महत्त्वाची.

मन कसं दिसणार?

तुम्ही विचाराल, मनातलं कुणाला दिसतं? दिसत नाही. म्हणून न्यायालय आजूबाजूच्या गोष्टींवरून ओळखतं. वेळ कोणती होती, दार कसं उघडलं, तोंड बांधलं होतं का, हातात पहार होती का, विचारल्यावर काय सांगितलं, पळाला की थांबला. सर्वोच्च न्यायालयानं मथरी विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सांगितलं की आपल्या शिरण्यानं कुणाला त्रास होईल हे माहीत असणं वेगळं आणि त्रास देण्यासाठीच शिरणं वेगळं. हेतू सिद्ध करावा लागतो, गृहीत धरता येत नाही.

हे बोलताना आपल्याच तालुक्यातली एक गोष्ट टाळता येत नाही. १६ एप्रिल २०२०. टाळेबंदीचे दिवस. गावोगाव अफवा होत्या की रात्री चोर येतात, मुलं पळवणारे येतात. गावकरी रात्रभर पहारा देत होते. त्या रात्री डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथं, अंत्यविधीसाठी सुरतेकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक यांना जमावानं मारून टाकलं. त्यांनी कुणाच्या घराची कडी काढली नव्हती, कुणाचा कूड फोडला नव्हता. ते रस्त्यानं चालले होते. रात्र आणि अनोळखी चेहरा, एवढ्यावरून जमावानं त्यांच्या मनातला हेतू ठरवून टाकला. तीन जीव गेले. शंभराहून अधिक माणसांना अटक झाली. घरातला कमावता माणूस आत गेल्यावर मागे चूल कुणी पेटवायची, हे आपण बायांनीच समजून घ्यायला हवं.

कायदा आपल्याला घर वाचवण्याचा हक्क देतो. रात्री कुणी घर फोडून आत आला तर स्वतःला आणि घरच्यांना वाचवण्यासाठी गरजेपुरता जोर वापरता येतो. आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला पकडताही येतं. पण पकडल्यावर विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. बांधून ठेवलेल्या माणसाला मारण्याचा हक्क कुणालाच नाही. फोनवर "चोर आलेत" असा निरोप आला तर पुढे पाठवण्याआधी ११२ ला फोन करा आणि पोलीस पाटलांना विचारा.

घर फुटलेलं दिसलं तर

दिवाळीनंतर आपली किती घरं कुलूप लावून बंद होतात! कुणी वीटभट्टीवर, कुणी खलाशी म्हणून बोटीवर, कुणी उंबरगाव-वापीच्या कंपन्यांत. परत आल्यावर दार मोडलेलं दिसलं, तर हे लक्षात ठेवा.

सारवू नका, झाडू नका. हे आम्ही मावशींच्या घरून शिकलो. कूड लिंपला तेव्हा पुरावाच लिंपला गेला. मोबाईलवर आधी फोटो काढा: भोक आतून आणि बाहेरून, कडी, कुलूप, पडलेलं सामान. मग पोलीस पाटलांना आणि दोन शेजारणींना बोलावून दाखवा.

दोन वेळा आठवून ठेवा: घर नीट असलेलं शेवटी कुणी, कधी पाहिलं, आणि फुटलेलं पहिल्यांदा कधी पाहिलं. दिवसाची घरफोडी की रात्रीची, हे यावरूनच ठरतं.

तक्रार देताना "चोरी झाली" एवढ्यावर थांबू नका. "घराला कुलूप होतं, कूड फोडला, आत हात घातल्याच्या खुणा होत्या, सामान पडलं होतं" असं क्रमानं सांगा. काही गेलं नसेल तर "काही गेलं नाही, पण घर फोडलं" असं सांगा. कुणावर संशय असेल तर तो संशय म्हणूनच सांगा, पाहिलं नसेल तर "पाहिलं" म्हणू नका.

डहाणू, घोलवड, वाणगाव, कासा, तलासरी, कोणतंही ठाणं असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीबाहेरची असली तरी नोंदवता येते. भट्टीवर असताना घर फुटल्याचं कळलं तर तिथल्या ठाण्यातही सांगता येतं. तुम्ही तोंडी सांगा, पोलिसांनी लिहून घ्यायचं, वाचून दाखवायचं, मग तुम्ही सही किंवा अंगठा द्यायचा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. नोंद करायला नकार मिळाला तर सगळी हकीकत लिहून टपालानं जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, आणि त्यानंतरही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

वकिलाच्या पैशांची भीती धरू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. आदिवासी बांधवांनाही मिळतो. तालुका विधी सेवा समितीत विचारा किंवा १५१०० ला फोन करा.

आमच्या मावशींचं पुढे काय झालं, तेही सांगतो. शिबिरानंतर आम्ही पाच जणी त्यांच्याबरोबर पुन्हा गेलो. फोटो नव्हते, पण पडलेलं मीठ आणि फुटलेला कूड पाहिलेल्या दोन शेजारणी आल्या होत्या. या वेळी मावशींनी "काय गेलं" याचं उत्तर दिलं नाही. त्या म्हणाल्या, "साहेब, माझा कूड फोडला आणि कुणीतरी माझ्या घरात हात घातला." तक्रार लिहून घेतली गेली. कूड फोडणारा अजून सापडलेला नाही. पण तक्रारीची प्रत गटाच्या पेटीत आहे, आणि पेटी आता दर महिन्याला वेगळ्या घरी जाते.

येत्या बैठकीत हप्ते जमा झाले की पाच मिनिटं काढा आणि हे एकमेकींना सांगा. ज्या बाया भट्टीवर निघाल्या आहेत त्यांना आधी सांगा. जोहार!